आवक बारनिशी

फोन आला तेव्हा मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून मोआला थंडीचा पोशाख चढवत होते. एक पाय आत गेला होता, दुसरा ती देत नव्हती. नऊ महिन्यांचं माणूस, पण पाय आखडून धरला की भल्याभल्यांना हरवील. फोन खांद्याने कानाशी दाबून मी "बोला" म्हटलं, आणि पलीकडून एक गोड, घाईतला आवाज आला, "इल्वा हेडलफ ना? मी पेत्रा, 'किनारपत्र'मधून. तुमचं पत्र वाचलं. फार आतून लिहिलंय हो. त्यातल्या चार ओळी शनिवारच्या अंकात घेतल्या तर चालतील का?"

"कुठलं पत्र?"

"जुन्या बंबखान्यातल्या खुल्या बालवाडीबद्दलचं. काल दुपारी नोंदलं गेलंय."

"पण ते मी नगरपालिकेला लिहिलं होतं."

"हो ना," पेत्रा म्हणाली. "म्हणूनच तर मला वाचता आलं."

मोआने दुसरा पाय आपणहून आत घातला. मी चेन वर ओढली ती तिच्या हनुवटीपर्यंत आणून तशीच थांबले. "नाव नका घालू," मी म्हटलं. "नाही घालणार, शब्द देते. पण इल्वा, पत्रावर नाव आहेच. सही आहे, पत्ता आहे, घर कितव्या मजल्यावर तेसुद्धा आहे." ती हसली, वाईट नाही हसली. "एवढं पूर्ण पत्र हल्ली कुणी लिहीत नाही." असं पूर्ण पत्र लिहायला मला बाबाने शिकवलं होतं. बिननावाचं पत्र म्हणजे दाराशी येऊन घंटा वाजवून पळणारं पोर, असं तो म्हणायचा.

आमच्याकडे दहा वर्षांच्या मुलालाही हे ठाऊक असतं. नगरपालिकेच्या दारातून आत गेलेला कागद सगळ्यांचा. कुणीही खिडकीशी जावं, तो मागावा. तुम्ही कोण आणि तुम्हाला कशाला हवाय, हे विचारायची पलीकडच्या माणसाला परवानगी नाही. आणि मी तर अल्गोत हेडलफची मुलगी. अडतीस वर्षं बाबा आमच्या ल्युंगहामन शहराच्या नगरभवनात आवक बारनिशीच्या टेबलाशी बसला. आलेलं प्रत्येक पाकीट त्याने फोडलं, त्यावर तारीख आणि क्रमांकाचा शिक्का मारला, कुणाकडून आणि कशाबद्दल ते एका ओळीत लिहिलं. त्याच्या घरात वाढून मी हे विसरावं, म्हणजे कोळ्याच्या पोरीने समुद्र खारट असतो हे विसरावं. पण विसरले खरी. मोआ छातीवर झोपलेली, एकच अंगठा मोकळा, तासभर जेमतेम हातात, अशा वेळी फोनवर लिहीत गेले तेव्हा पलीकडे कुणी पेत्रा आहे, शिक्का आहे, यादी आहे, यातलं काहीच मनात नव्हतं. पलीकडे होतं ते शहर. मोठं, शांत, कान असलेलं. त्याला सांगत होते.

मी सात वर्षांची असताना एकदा शाळेला सुट्टी होती आणि आईला कामावर जायचं होतं, म्हणून बाबाने मला बरोबर नेलं. नगरभवनाच्या तळघरात लोखंडी फडताळं होती, बाजूचं चाक फिरवलं की रुळावरून सरकणारी. "किती आहेत?" मी विचारलं. "चार किलोमीटर," बाबा म्हणाला. पत्रं किलोमीटरमध्ये मोजतात हे ऐकून मी रुळांच्या पार शेवटापर्यंत बघत राहिले. त्याने एका खोक्यातून एक पिवळा कागद काढून दाखवला, हातात दिला नाही. एकोणीसशे अकरा साली एका कपडे धुणाऱ्या बाईने लिहिलेला. धक्क्याच्या पायऱ्यांना कठडा नाही, हिवाळ्यात पायऱ्या गोठतात, माझी मैत्रीण हुल्दा पाण्यात गेली, तिच्या टोपलीसकट गेली, कठडा करा. अक्षर असं की प्रत्येक शब्द वेगळा खणून काढलेला. वर शिक्का. "मग केला?" "दोन वर्षांनी. तू रोज त्यालाच तर धरून उतरतेस." त्या दिवशी घरी जाताना मी पायऱ्या उतरताना कठड्याला हात लावला आणि काढून घेतला, परत लावला. थंडगार लोखंड. मला वाटलं, हे आख्खं शहर असंच असणार, वर घरं आणि दिवे आणि ट्रामचे रूळ, आणि खाली चार किलोमीटर लोकांचं म्हणणं. आणि माझा बाबा त्याचा द्वारपाल. पण त्या म्हणण्यातलं एक अक्षर तो कधी जेवणाच्या टेबलावर आणायचा नाही. आई म्हणायची, "अरे सगळं उघडंच आहे ना, मग सांग की जरा, वरच्या गल्लीतल्या बाईने काय लिहिलंय." बाबा बटाटा सोलत म्हणायचा, "उघडं आहे म्हणून ओरडायचं नसतं, गुनवोर. जा, खिडकीशी जा, मागून घे." आई कधी गेली नाही.

निवृत्त झाल्यावर लोक मासे पकडतात, होडी रंगवतात. बाबा बारनिशी वाचतो. आदल्या दिवशी काय काय आलं त्याची यादी नगरपालिका रोज दुपारी बाराला संकेतस्थळावर सगळ्यांना दिसेल अशी लावते. शहरात ती वाचणारी माणसं तीन असतील, दोन पत्रकार आणि एक बाबा. आईला जेवायला वाढून झालं की तो चष्मा लावून बसतो. ओळीवर बोट टेकलं की आख्खं पत्रच समोर उघडतं, आणि एकही ओळ तो सोडत नाही. "आज एकाने बदकांविरुद्ध तक्रार केलीय," असं रविवारच्या कॉफीला सांगून स्वतःशीच हसतो. माझं पत्र काल नोंदलं गेलं. म्हणजे आज बाराला. जिन्यातल्या घड्याळात दहा वाजायला वीस मिनिटं होती.

पत्रात काय होतं ते आता सांगते, कारण आता ते सांगून झालेलं आहे. त्याच्या आधी अंदाजपत्रक. महिनाभरापूर्वी ग्रंथालयात मोआच्या चावायच्या पुस्तकांशेजारी नगरपालिकेच्या पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचा जाडजूड मसुदा ठेवलेला होता, आणि मी तो दूध पाजता पाजता वाचायला घेतला. कुणी कादंबरी वाचावी तसा. एकशे अठरा वाळूचे हौद, त्यातली वाळू दर वसंतात बदलायची. झोपाळ्यांच्या साखळ्या तपासायच्या. बंदरावरच्या घड्याळाला तेल. ज्यांचं कुणी नाही अशा मयतांचे अंत्यविधी, आणि त्याच्याखाली वेगळ्या ओळीत, त्यांच्यासाठी फुलं. मी त्या ओळीवर बोट ठेवून कितीतरी वेळ बसले. कुठल्यातरी खोलीत, कुठल्यातरी बैठकीत, कुणीतरी म्हणालं असणार, फुलं पण हवीत. आणि दुसरं कुणीतरी म्हणालं असणार, लिही मग. पान एकशे एकाहत्तरवर आमचा बंबखाना होता. नऊ लाख चाळीस हजार क्रोना, आणि त्यापुढे दोन पर्याय. एक, खुली बालवाडी आहे तशी चालू ठेवणं. दोन, ती बंद करून त्याच पैशांत घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांना बदली माणूस पाठवण्याचे तास दुप्पट करणं. दोन्हींना पुरेल एवढं नाही, असं सरळ लिहिलेलं. नागरिकांनी आपलं म्हणणं कळवावं. मला राग आला तो दुसऱ्या पर्यायाचा. कोण हे लोक, असं वाटलं. बदली माणूस म्हणे. त्यांना काय एवढं.

म्हणून लिहिलं. लिहिलं की मार्चमध्ये, मोआ सहा आठवड्यांची असताना, मी तिची बाबागाडी बंदराजवळच्या बेकरीबाहेर लावली, इथे सगळेच लावतात तशी, बाळं थंडीत बाहेर छान झोपतात, आणि आत न जाता चालायला लागले. धक्क्याच्या टोकापर्यंत गेले. परत फिरायचं असं काही मनात नव्हतं. न फिरायचं असंही नव्हतं. मन नव्हतंच, पाय होते. अकरा मिनिटांनी परत आले. मोआ झोपलेली, नाकावर बर्फाचा एक कण. लोक ये-जा करत होते, एकाही माणसाला काही दिसलं नव्हतं, कारण दिसण्यासारखं काही नव्हतंच. बेकरीबाहेर एक बाबागाडी. योआरला, माझ्या नवऱ्याला, हे माहीत नाही. कुणालाच नाही. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. बंबखान्यात कुणीही बाळाला घेऊन यावं, नुसतं बसावं, आणि मंगळवारी तिथे कामाला अनेली असते. तिने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मोआला माझ्या हातांतून काढून घेतलं आणि म्हणाली, "अगं, केस विंचरलेस का तू आज? बस इथे. कॉफी घे. काही बोलायची गरज नाही." मी बसले. वीस आठवडे मंगळवारी मंगळवारी बसले. दुसऱ्या दिवशी मंगळवार नसता तर काय, ते मला माहीत नाही, असं मी पत्रात शेवटी लिहिलं. आणि खाली नाव, पत्ता, तिसरा मजला, डावीकडचं दार.

नगरभवनात जाऊन उपयोग नाही हे बसमध्ये बसतानाच मला पाठ होतं. तरी गेले. बारनिशीच्या खिडकीमागे आता एक तरुण मुलगी असते, डोक्याला राखाडी रुमाल, छातीवर नावाची पट्टी, होदान.

"मला एक पत्र परत हवंय."

"तुमचं?" ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "नाही नाही, ते मला विचारता येत नाही. मी विचारलंच नाही असं समजा."

"माझंच आहे."

"मला ऐकू आलं नाही." तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "आलेलं पत्र परत जात नाही हो. वाचायला देते, प्रत देते. नऊ पानांपर्यंत फुकट."

"आणि मी फाडलं तर?"

"तर माझी नोकरी जाईल आणि तुमच्यावर खटला. मग हिला कोण बघणार?" तिने बाबागाडीत वाकून पाहिलं. "हिचं नाव विचारू का? बाळांबद्दल कायद्यात काही म्हटलेलं नाही."

"मोआ."

"मोआबाई, आईला म्हणावं बस जरा. चुन्यासारखा पांढरा झालाय चेहरा." तिने मला पाणी आणून दिलं आणि मी पीत असताना उगाच बोलत राहिली, रडणाऱ्या पोराशी बोलतात तसं. "इथे येऊन मला वर्ष झालं. सुरुवातीला मलाही कसंतरी व्हायचं. लोक काय काय लिहितात. पण इथे आधी एक अल्गोत म्हणून होते, त्यांची गोष्ट सगळ्या नव्यांना सांगतात. एकदा कुणीतरी पाकिटात नुसतं एक वाळलेलं फूल पाठवलं. चिठ्ठी नाही, काही नाही. तर त्यांनी तेही नोंदलं. आवक, एक फूल, निळं." ती हसली. "अजून आहे ते खाली. मी बघून आले."

ही गोष्ट बाबाने मला कधी सांगितली नव्हती. मी ग्लास खाली ठेवला आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं, "मग पूर्ण फाइलच द्या. एकशे एकाहत्तर पानाची. सगळ्यांची पत्रं."

का मागितली, मला सांगता येणार नाही. आपलं एकटीचं पत्र उघडं पडलंय म्हटल्यावर इतर कोण कोण तसंच उभं आहे ते बघावं, असं काही असेल. शेजारच्या खोलीत एक टेबल, एक दिवा, खिडकीबाहेर नोव्हेंबरचं राखाडी पाणी. मोआला मांडीवर घेतलं, तिच्या हातात तिचा मोजा दिला. त्रेसष्ट पत्रं. माझं सगळ्यांत शेवटी, वर निळा शिक्का, कालची तारीख, दुपारचे दोन दहा. छापलेलं ते माझ्यासारखं दिसत नव्हतं. मी ते उलटं ठेवलं आणि पहिल्यापासून सुरू केलं.

एका मुलीने बंबखान्याचं चित्र पाठवलं होतं, लाल दार, दारात हिरव्या केसांची अनेली. त्याच्यावर शिक्का, अगदी आभाळात, चित्राला धक्का न लावता. एका पत्रात फक्त एक शब्द, "नको." त्यालाही क्रमांक. एका बाईने लिहिलं होतं की तिच्या नवऱ्याला हातपाय हलवता येत नाहीत, आणि बदली माणूस येतो त्या चार तासांत ती बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाते आणि त्याच बसने परत येते, आणखी काही नाही, खिडकीतून बघते. आमच्या इमारतीतला गुस्ताव, जो कपडे धुण्याच्या खोलीची पाळी पाच मिनिटं लांबली तरी दारावर चिठ्ठी चिकटवतो, त्याचं पत्र होतं. तो रोज मुद्दाम बंबखान्यावरून जातो म्हणे, कारण आत पोरं गातात. थांबत नाही, विचित्र दिसेल. चाल थोडी हळू करतो. मी ते दोनदा वाचलं. या माणसाशी मी साबणाच्या डागावरून भांडले आहे. एका तरुणाने लिहिलं होतं की दोन्ही पर्याय ठेवा आणि बंदरावरचं घड्याळ बंद पडू द्या, वेळ सगळ्यांच्या खिशात आहे. एकीने लिहिलं होतं की मला कशाबद्दलच मत नाही, पण कुणीतरी विचारलं म्हणून बरं वाटलं.

वाचता वाचता माझ्या अंगावर काटा आला तो थंडीचा नव्हता. मोठ्या चर्चमध्ये छत नजरेत मावत नाही तेव्हा मान मागे टाकून नुसतं उभं राहावं लागतं, तसं काहीतरी त्या लहानशा खोलीत झालं. रोज ट्राममध्ये खांद्याला खांदा लावून बसणारी ही माणसं, हवामानापलीकडे एकमेकांशी शब्द न बोलणारी, आणि शहराला मात्र सगळं सांगितलेलं. आणि शहराने काय केलं, तर तारीख मारली, वेळ लिहिली, क्रमांक दिला. ना शाब्बास, ना छे. मला इतके दिवस शिक्का कोरडा वाटायचा. आता वाटलं, याहून सभ्य काय करता आलं असतं कुणाला? ज्या पत्रांचा मला राग होता, दुसऱ्या पर्यायवाल्यांचा, ती आमच्या पत्रांतच मिसळून लावलेली होती, आली तशी. बसमधल्या बाईच्या पाठीला पाठ लावून चित्रातली अनेली. आणि वर सभागृहात एकोणपन्नास नगरसेवक, तेसुद्धा ट्राममधलेच, सोमवारी हात वर करून सांगणार, हे की ते. कसं सांगतील? मी त्यांच्या जागी असते तर फाइल मिटून रडले असते.

सतराव्या पत्राचं अक्षर मी शब्द वाचायच्या आधी ओळखलं.

बाबाने टाइप केलं नव्हतं. हाताने लिहिलं होतं, उजवीकडे समास सोडून, शिक्क्यासाठी वर बरोबर तीन बोटं जागा ठेवून. विषय, घरी बदली माणूस पाठवण्याच्या तासांत वाढ होणेबाबत. आणि मग सरळ, एकाखाली एक, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल. पत्नी गुनवोर, वय एकोणसत्तर, विसरण्याचा आजार, तिसरं वर्ष. उन्हाळ्यापासून ती घराबाहेर निघून जाते, म्हणून दाराला घंटी बांधली आहे. घंटीमुळे अर्जदाराला सलग दोन तासांवर झोप नाही. रविवारी मुलगी येते त्याआधी पत्नीला आंघोळ घालून केस विंचरले जातात, त्यामुळे मुलीची समजूत आहे की ठीक चाललं आहे. ती समजूत अर्जदारानेच करून दिली आहे. चार ऑक्टोबरला पत्नीने सातव्यांदा कोट घातला तेव्हा अर्जदाराने तिचा हात जोरात धरला. खूण दोन दिवस होती. ती विसरली आहे. अर्जदार विसरलेला नाही.

खाली आणखी एक परिच्छेद होता आणि त्यात अक्षर जरा मोठं झालं होतं. "माझी मुलगी बंबखान्यात जाते. तिचं मूल लहान आहे, आणि गेल्या वसंतात तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं की ती स्वतःच्या पायांवर पुरती उभी नाही. विचारायचं धाडस झालं नाही. तेव्हा हे तास मी कुणाच्या ताटातून मागतो आहे याची मला कल्पना आहे. तरी मागतो. दोन्हींतून एक निवडणं मला जमणार नाही. ते काम तुमचं. मी फक्त नोंद करतो." सही. पत्ता. माझ्या पत्राच्या आठ दिवस आधीची तारीख.

मोआने मोजा खाली टाकला. मी तो उचलला नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं, की मी विसरले होते आणि तो विसरला नव्हता. अडतीस वर्षं हेच केलेल्या माणसाला पुरतं ठाऊक होतं की हा कागद पेत्रा वाचेल, गुस्ताव वाचू शकेल, मी वाचू शकेन. ज्याने आयुष्यात घरातली गोष्ट शेजारी सांगितली नाही, त्याने तो हात, ती खूण, तारखेसकट लिहून खिडकीतून आत सरकवली होती. लाज त्याला वाटली नसेल का? वाटलीच असणार, म्हणून तर समास इतका सरळ. आणि गेल्या वसंतात. म्हणजे त्याला दिसलं होतं. बेकरीसमोरून जाणाऱ्या एकालाही जे दिसलं नाही ते रविवारच्या कॉफीला समोर बसून त्याला दिसलं होतं, आणि मला त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं चष्म्याची सावली वाटली होती.

होदानने जाताना विचारलं, "प्रत हवी?" मी नको म्हटलं. "सापडलं हवं ते?" आणि मग स्वतःच हात वर करून, "नाही, नाही, नाही विचारलं."

बसमध्ये योआरला कळवलं, संध्याकाळी लवकर ये, एक सांगायचंय, मी बरी आहे. पेत्राला कळवलं, ओळी घ्या, नाव घातलंत तरी चालेल, पण त्याच पानावर सतरा नंबरच्या पत्रातल्याही चार ओळी घेता येतील का ते त्या माणसाला विचारा. बाराचे ठोके मी पुलावर ऐकले. यादी लागली असणार. मध्येच उतरून घरी पळावंसं वाटलं, पण मी बाबाच्या थांब्यापर्यंत बसून राहिले.

बाबाने दार उघडलं तेव्हा वरची घंटी वाजली. ती मी दर रविवारी ऐकत होते आणि मला वाटायचं, हौसेने लावलीय. त्याच्या अंगात आईचा एप्रन होता. आई टेबलाशी बसून रुमालांच्या घड्या घालत होती, घातलेल्या मोडत होती. मोआला पाहून तिचा चेहरा उजळला. "आली माझी इल्वा!" ती म्हणाली. "आण इकडे." मी मोआला तिच्या मांडीवर दिलं. हात तिचे विसरले नव्हते, मानेखाली एक, ढुंगणाखाली एक.

"आज रविवार नाही," बाबा म्हणाला.

"बाबा, मी तुझं पत्र वाचलं."

तो सिंककडे वळला, एक बटाटा घेतला, सोलायला लागला. "सतरावं."

"हो."

"बरं झालं. चार वेळा फोन उचलला होता तुला करायला. तोंडाने जमेना. मग म्हटलं, आपल्याला जे येतं ते करावं."

"आणि मी फाइल मागितलीच नसती तर?"

"तर नसतं कळलं. कागद राहिला असता तिथे." साल पाण्यात पडली. "तुझं त्रेसष्टावं."

मी बाकावर बसले. "वाचलंस."

"बाराला यादी आली. नाव दिसलं, विषय दिसला. बोट होतं ओळीवर. पण उघडलं नाही."

"तू? तू उघडलं नाहीस?"

"अडतीस वर्षं लोकांची उघडली. त्याचा पगार होता." तो अजून पाठ करूनच उभा होता. "तुझं तू सांग. नाही सांगितलंस तरी बटाटे आहेत."

मग मी सांगितलं. पत्रातल्यासारखं सांगता आलं नाही. पत्रात वाक्यं होती. बेकरी, बाबागाडी, पाय, टोक. बाळाला दुकानाबाहेर ठेवून मी निघून गेले, एवढं म्हणून थांबले, तर आई मान वर न करता म्हणाली, "त्यात काय, सगळेच ठेवतात." बाबाच्या खांद्यांतून काहीतरी सरकल्यासारखं झालं, हसू होतं की दुसरं काही, पाठीवरून कळलं नाही. त्याने बटाटा ठेवला, हात पुसले, येऊन समोर बसला. त्याच्यापुढे कागद नव्हता, पेन नव्हतं, आणि काय करावं ते न कळल्यासारखे त्याचे दोन्ही हात टेबलावर उताणे पडले होते. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "परत आलीस." आणि जरा वेळाने पुन्हा, तेच, "परत आलीस ना." मी त्याचे हात धरले. चार ऑक्टोबरबद्दल मी काही विचारलं नाही. त्याने आईच्या मनगटाकडे पाहिलं आणि मी पाहिलं, तिथे आता मोआची मूठ होती.

"आता तू आडवी हो जरा," तो म्हणाला. "मी बघतो दोघींना."

"तू हो आडवा. चारपर्यंत मी आहे."

"मला सवय आहे."

"बाबा, गप. सलग दोन तास लिहिलंयस तू. शिक्का आहे त्यावर."

"बघ हं, ती कोट मागेल."

"मागू दे. घालू आम्ही कोट. तिघी घालू."

तो कुरकुरत स्वयंपाकघरातल्या बाकावर कलंडला, एप्रनसकट, चष्मा हातात धरून, नुसतं टेकतो म्हणत. तिसऱ्या श्वासाला झोपला होता. तोंड उघडं, पाय बाकाबाहेर. सोमवारी काय ठरेल ते ठरेल. बंबखाना राहिला तर हे तास जातील, हे तास मिळाले तर अनेलीचं दार बंद होईल, आणि मी सभागृहाच्या गॅलरीत बसून बघेन आणि मला कुणाचा राग येणार नाही, याची भीतीच वाटली थोडी. मोआने आवाज काढायला तोंड उघडलं तशी आईने तिच्या ओठांवर बोट ठेवलं. "शू," ती माझ्याकडे वळून कुजबुजली, अगदी स्वच्छ, जुन्या आवाजात, "कामावरून दमून आलाय तो." आणि आम्ही तिघी, कुणी न हलता, त्याचं झोपणं बघत बसलो.